शिंप्याची चूक शून्य

माझी वहिनी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते. घरी ती कुणाला काही शिकवत नाही, नुसत्या चुका काढते. हे मी तिच्या तोंडावर कितीदा म्हटलं आहे, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. तिचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. एरवी ती मला 'अगं' म्हणते, पण 'वन्सं' म्हणाली की समजायचं, पारा चढला. त्यातून दुर्दैव असं की मीही त्याच विद्यापीठात नोकरीला आहे. घरी मी तिची नणंद आणि ऑफिसात शिक्षण तंत्रज्ञान कक्षाची बाई, म्हणजे प्राध्यापकांना पोर्टलवर आणि कॅमेऱ्यासमोर शिकवायला शिकवणारी. आमचा कक्ष तळघरात आहे, एका बाजूला विजेचे मीटर आणि दुसऱ्या बाजूला मोडक्या खुर्च्यांची रास. मोठमोठे विद्वान तिथे येऊन "माझा आवाज का येत नाही?" असं विचारतात आणि मी त्यांच्या माइकचं बटण चालू करून देते.

वहिनी शिंप्याची मुलगी. तिचे वडील गेल्यावर तिने दुकानातून फक्त त्यांची माप घ्यायची टेप आणली. कापडी, पिवळट, टोकाची पत्र्याची पट्टी कधीच निघून गेलेली. ती टेप तिच्या पर्समध्ये असते आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात गळ्यात. मुलं तिला पाठीमागे 'टेप मॅडम' म्हणतात. ते तिला ठाऊक आहे आणि आवडतंही, पण आवडतं असं ती मरेपर्यंत कबूल करणार नाही.

पहिलं वर्ष म्हणजे तिचा जीव. इतर प्राध्यापक त्या वर्गाचं नाव काढलं की अंग चोरतात. भलंमोठं सभागृह, सगळ्या शाखांची मुलं कोंबलेली, निम्म्यांना आकडे बघून घाम फुटतो आणि उरलेली मोबाइल बघतात. वहिनी मात्र दर वर्षी तो वर्ग मागून घेते. "भीती घेऊन येतात गं पोरं," ती म्हणते. "ती भीती जाताना दिसते ना, त्यासाठी मी हे सगळं करते. वरचे वर्ग कुणीही शिकवेल." ते ऐकलं की वरचे वर्ग शिकवणारे तिच्याकडे कसे बघतात, ते मी स्टाफरूममध्ये पाहिलेलं आहे.

तो वर्ग तिच्या हातून जवळजवळ गेला होता. ती हकिकत सांगण्याआधी तिची शिंप्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

आकडे सरासरीपासून किती लांब पसरलेले आहेत हे मोजायचं एक माप असतं, त्याला प्रमाण विचलन म्हणतात. नावच असं की ऐकून मुलं वही मिटतात. म्हणून वहिनी वही उघडायच्या आधी गोष्ट सांगते. आमच्या गल्लीत एक शिंपी होता, ती म्हणते, माझे वडील नव्हेत, त्यांच्या समोरच्या दुकानातला. त्याला एका कारखान्याच्या पहारेकऱ्यांचे गणवेश शिवायचं काम मिळालं. पठ्ठ्याने सगळ्यांच्या छातीची मापं घेतली, सरासरी काढली आणि एकाच मापाचे सगळे शर्ट शिवून मोकळा झाला. कुणाला दोन इंच सैल, कुणाला दोन इंच तंग. पहारेकरी दांडकी घेऊन दुकानावर आले, तर हा म्हणतो, "भांडता काय? हिशेब करा. ह्याला दोन जास्त, त्याला दोन कमी. बेरीज करा. माझी चूक शून्य!"

ते 'शून्य' म्हणताना ती गळ्यातली टेप झटकन ओढून ताणते आणि अख्खं सभागृह हसतं. मग ती म्हणते, "म्हणून आपण वर्ग करतो," आणि फळ्यावर सूत्र लिहिते. ही गोष्ट ती नोकरीच्या पहिल्या वर्षापासून सांगत आली आहे. आमच्या घरी ती सगळ्यांना पाठ आहे. दादा, म्हणजे माझा भाऊ, तिच्या ओठांबरोबर ओठ हलवू शकतो.

गेल्या सत्राच्या सुरुवातीला सभागृहाच्या छताचा एक तुकडा रिकाम्या खुर्चीवर पडला. नशीब की रिकाम्या. सभागृह दुरुस्तीसाठी बंद झालं, एवढा वर्ग मावेल अशी दुसरी जागा नव्हती, आणि ठरलं की निम्मं सत्र पहिल्या वर्षाची व्याख्यानं व्हिडिओ करून पोर्टलवर टाकायची. वहिनी तळघरात आली ती पाय आपटतच.

"कुणाला शिकवू मी इथे?" तिने विचारलं. "त्या भिंगाला?"

"भिंगामागे मुलं आहेत असं समज."

"तुला समजायला काय जातंय? मला दिसायला हवीत."

शेवटी तिने मला समोर खुर्चीवर बसवलं. मी वाणिज्य शिकलेली, तीही काठावर पास झालेली. मी भलत्याच ठिकाणी मान हलवायची आणि ती चित्रीकरण थांबवून मला झापायची. पहिल्याच व्हिडिओत ती मध्येच "मागे काय चाललंय? गप्पा बंद!" असं ओरडली होती. मागे फक्त विजेचे मीटर होते. तेवढा भाग मी कापला, आणि खरं सांगायचं तर माझ्याजवळ जपूनही ठेवला आहे.

शिंप्याची गोष्ट आली त्या दिवशी मात्र ती रंगात होती. टेप ताणली, 'माझी चूक शून्य' म्हणाली आणि थांबली. हसण्यासाठी जेवढा वेळ वर्ग घेतो, तेवढा वेळ ती थांबली, कॅमेऱ्याकडे प्रेमाने बघत. खोलीत फक्त पंखा वाजत होता. मग ती "म्हणून आपण वर्ग करतो" म्हणाली आणि फळ्याकडे वळली.

आमच्या पोर्टलवर एक सोय आहे. मुलांनी व्हिडिओचा कुठला भाग किती वेळा पाहिला, कुठे थांबवला, कुठे मागे नेऊन परत लावला, त्याचा आलेख दिसतो. कुठलं मूल ते कळत नाही, पण वर्ग म्हणून कळतं. एरवी ती रेघ नुसती घरंगळत खाली जाते, कारण माणसं कंटाळून निघून जातात. वहिनीच्या त्या व्हिडिओची रेघ मात्र बरोबर शिंप्याच्या गोष्टीपाशी उभीच्या उभी वर गेली होती. मी आपली उत्साहाने तिला बोलावलं.

तिने आलेख पाहिला आणि तिचा चेहरा असा फुलला की मला बरं वाटलं. "परत परत बघतायत!" ती म्हणाली. "बघ! वर्ग नाही, फळा नाही, तरी परत परत बघतायत!"

दोन दिवस विद्यापीठात दुसरा विषय नव्हता. स्टाफरूममध्ये तिने सगळ्यांना सांगितलं. ग्रंथपालांना सांगितलं. विभागप्रमुखांना जिन्यात गाठून सांगितलं. ते बिचारे सभ्य गृहस्थ, हातातली फाइल छातीशी धरून ऐकत उभे राहिले. घरी जेवताना तिने दादाला सांगितलं. दादाचं औषधांचं दुकान आहे. तो कमी बोलतो आणि जे बोलतो ते नको तेव्हा बोलतो.

"परत परत बघतात म्हणजे आवडलं असंच कशावरून?" तो म्हणाला.

"मग काय?"

"दुकानात मीही काही चिठ्ठ्या चार-चारदा वाचतो. डॉक्टरांचं अक्षर सुंदर असतं म्हणून नाही."

मी पाण्याचा पेला तोंडाला लावला, कारण हसू आवरत नव्हतं. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावाला सांगा, गोळ्या मोजणं वेगळं आणि शिकवणं वेगळं." पुढे आठवडाभर घरात सगळे निरोप माझ्यामार्फत जात होते. मीठ संपल्याचासुद्धा.

मग मध्यसत्र परीक्षा झाली. पेपर वहिनीनेच काढला होता आणि प्रमाण विचलनावर एक सरळ प्रश्न ठेवला होता. आकडे सोपे, उत्तर सोपं, फक्त शेवटी एक ओळ: वर्ग का करतो ते तुमच्या शब्दांत लिहा. उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या त्या दिवसापासून तिचा आवाज बसल्यासारखा झाला. सूत्र बऱ्याच जणांना आलं होतं, पाठ केलेलं. शेवटच्या ओळीपुढे कोऱ्या जागा होत्या. काहींनी लिहिलं होतं, 'सूत्रात आहे म्हणून.' एकाने शिंप्याचं चित्र काढलं होतं, चांगलं काढलं होतं.

विभागप्रमुखांनी तिला खोलीत बोलावलं. ते वाईट गृहस्थ नाहीत, हे मी न्याय म्हणून सांगितलं पाहिजे. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की पुढल्या वर्षापासून पहिल्या वर्षासाठी बाहेरून तयार व्याख्यानं घ्यायचा विचार आहे. उत्तम चित्रफिती, नामवंत शिक्षक, हलणाऱ्या आकृत्या. "तुम्ही वरचे वर्ग घ्या, मॅडम. तुमच्या अनुभवाला ते शोभेल. अजून नक्की केलेलं नाही. सभागृह उघडलं की तुमचं एखादं व्याख्यान मी ऐकेन, मग ठरवू."

ती तिथून थेट तळघरात आली. दार लावून घेतलं. मला वाटलं आता आकाश कोसळणार. पण ती शांतपणे म्हणाली, "अगं, तो व्हिडिओ लाव."

मी लावला. तिने आधी स्वतःचे केस कसे दिसतात ते पाहिलं, ते सगळेच पाहतात. मग गोष्ट आली. शिंपी, पहारेकरी, दोन इंच सैल, दोन इंच तंग, माझी चूक शून्य. मग ती लांबलचक शांतता. मग "म्हणून आपण वर्ग करतो" आणि सूत्र.

"मागे घे," ती म्हणाली.

मी मागे घेतलं. परत तेच.

"अजून एकदा."

आता माउस तिनेच घेतला. ती थांबवायची, मागे न्यायची, परत लावायची. तिचं नाक पडद्याला लागायच्या बेतात होतं. मला तिचा चेहरा दिसत होता आणि त्यावरचा रंग उतरताना दिसत होता. आलेखात जे उभं टोक होतं ना, ते अख्खा वर्ग जे करत होता त्याचं होतं, आणि ती आत्ता तेच करत होती.

"ही बाई सांगतच नाहीये," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"पायरी. बेरीज शून्य येते इथपर्यंत ठीक आहे. पण वर्ग केल्यावर काय होतं? उणे दोनचा वर्गही चार आणि अधिक दोनचा वर्गही चार. म्हणजे आता सैल आणि तंग एकमेकांना खाऊ शकत नाहीत. शिंप्याला पळवाट उरत नाही. मग शेवटी वर्गमूळ काढून परत इंचांत यायचं. एवढंच तर आहे. आणि एवढंच ही बाई सांगत नाही."

"वर्गात सांगत असशील ना?"

तिने माउस बाजूला सारला. "वर्गात हशा व्हायचा. हशा चालू असतानाच पुढच्या बाकावरचं कुणीतरी विचारायचं, पण वर्ग का? आणि मी तिथल्या तिथे वाकून त्याला सांगायची. पुढच्या बाकाला. मागचे हसतच असायचे." तिने टेप पर्समधून काढली आणि हातात धरून बसली. "म्हणजे इतकी वर्षं मी पुढच्या बाकालाच शिकवलं. मागच्यांना नुसतं हसवून पाठवलं."

मी माझ्या वहिनीला रडताना दोनदाच पाहिलं आहे, एकदा तिचे वडील गेले तेव्हा आणि एकदा त्या दिवशी. मला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि मी ठेवला. ती झटकेल असं वाटलं होतं, पण तिने झटकला नाही. बाहेर कुणीतरी माइक चालत नाही म्हणून दार वाजवत होतं. वाजवू दिलं.

घरी येऊन तिने जाहीर केलं की ती स्वतःच पहिलं वर्ष सोडणार. "त्या तयार व्याख्यानांतली बाई निदान पायरी तरी सांगत असेल," ती म्हणाली. दादा 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणाला नाही, याबद्दल मी त्याला आयुष्यभर मानेन. त्याने फक्त कपाटातून आपली नवी विजार काढून तिच्यापुढे ठेवली. "लांब होतेय," तो म्हणाला. "आणि कमरेतही बघ. जमेल तेव्हा."

वहिनी चिडली की शिवते, हे त्याला माहीत आहे. तिने खिडकीशी बसून विजार उसवली, मापाला घेतली, लांब लांब कच्चे टाके घातले आणि म्हणाली, "घालून या."

दादा घालून आला.

"कशी बसतेय?"

"छान आहे."

"अहो, छान काय छान! बसून दाखवा."

दादा खुर्चीवर बसला आणि त्याचा चेहरा बदलला. श्वास रोखून तो म्हणाला, "जरा धरतेय."

"उभं राहून छानच असते. सगळी गिऱ्हाइकं छानच म्हणतात, भिडेपोटी. बाबा कध्धी विश्वास ठेवायचे नाहीत. कच्ची शिलाई झाली की म्हणायचे, बसून दाखवा, वाकून दाखवा, बुटाची नाडी बांधून दाखवा. मग जिथे धरेल तिथे खडूने खूण करायची आणि..."

ती तिथेच थांबली. हातात सुई तशीच. दादा बिचारा पोट आत ओढून बसून होता, त्याला उठायचीही परवानगी मिळाली नव्हती.

"अगं," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तो तुझा आलेख."

"काय त्याचं?"

"ती खूण आहे. जिथे धरतंय तिथली खूण. मी समजून चालले की ती शाबासकी आहे. मी वर्गाला काय विचारते? समजलं का? ते म्हणतात, समजलं. छान आहे म्हणाल्यासारखंच. मी त्यांना कधी बसून दाखवा म्हटलंच नाही."

"मी उठू का?" दादाने विचारलं.

"उठा आता! आणि ती सांभाळून काढा, टाके कच्चे आहेत." तिच्या आवाजात पुन्हा धार आली होती. मला इतकं हायसं वाटलं की मी उठून सगळ्यांसाठी चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी तळघरात हजर. पोर्टलवर मुलांना नाव न सांगता लिहिता येईल असा प्रश्न विचारता येतो का, हे तिला हवं होतं. गेल्या वर्षी मी हेच शिकवायला कार्यशाळा घेतली होती, तेव्हा ती मागे बसून उत्तरपत्रिका तपासत होती. तरी मी निमूट सोय लावून दिली. तिने एकच ओळ लिहिली: शिंप्याच्या गोष्टीनंतर तुम्ही कुठे अडलात?

उत्तरांचा पाऊस पडला. नाव नसलं की माणसं किती खरं बोलतात! कुणी लिहिलं, मॅडम तिथे फार भरभर जातात. कुणी लिहिलं, विचारायची लाज वाटते, सगळ्यांना कळलंय असं वाटतं. कुणी लिहिलं, उणे चिन्ह नुसतं पुसून टाकलं तर काय बिघडतं? हा प्रश्न वाचून ती खुर्चीतच उडाली, "अरे, हा चांगला प्रश्न आहे! हा मला कुणी वर्गात का विचारला नाही?" आणि एकाने लिहिलं होतं, 'विनोद कळला. गणित नाही.'

ते वाचून ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली आणि मग डोळे पुसले. "लावून ठेव हे कुठेतरी मोठ्या अक्षरांत," ती म्हणाली. मी छापून कॅमेऱ्याखाली चिकटवलं. अजून तिथे आहे. इतर प्राध्यापक ते वाचतात आणि त्यांना वाटतं, माझा टोमणा आहे.

नवा व्हिडिओ करताना आमचं भांडण झालं, ते एका गोष्टीवरून. तिला शिंपी काढून टाकायचा होता. पूर्ण. "माझ्या वडिलांच्या गल्लीतला माणूस आहे तो," ती म्हणाली, "पण पोरांच्या वाटेत उभा आहे." मी म्हटलं, "काढू नको, फक्त जागा बदल." आधी पायरी. पायरी मुलांच्या हाताखालून जाऊ दे. शिंपी शेवटी येऊ दे. माझ्यासारख्या काठावर पास झालेलीला एवढंच सुचलं, आणि तिने "बघू" म्हटलं. तिच्या तोंडून 'बघू' म्हणजे मोठीच गोष्ट आहे.

व्हिडिओ छोटा झाला. शिंपी नाही, हशाची जागा नाही, फक्त टेपवर चार मापं, दोन सैल, दोन तंग, आणि एकेक पायरी सावकाश. शेवटी ती कॅमेऱ्याला म्हणाली, "हे घरी बघून या. वर्गात मी सांगणार नाही. वर्गात तुम्ही करायचं." या वेळी तिने मला समोर बसवलं नाही. त्या चिकटवलेल्या ओळीकडे बघूनच बोलली.

सभागृह उघडलं तेव्हा नव्या रंगाचा वास येत होता. विभागप्रमुख मागच्या दाराने येऊन शेवटच्या बाकावर बसले, मुलांमध्ये. मी पडद्याचं यंत्र सांभाळायला म्हणून कोपऱ्यात होते. वहिनी आली, टेप गळ्यात. पहिलं वर्ष तिच्याकडे राहणार की जाणार, ते त्या तासात ठरणार होतं. हे मुलांना माहीत नव्हतं. तिला, मला आणि शेवटच्या बाकावरच्या त्या गृहस्थांना माहीत होतं.

"शेजारच्यांच्या मनगटाचं माप घ्या," तिने सांगितलं. प्रत्येक बाकावर कागदाच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. एकच गोंधळ उडाला. आकडे काढा, सरासरी काढा, प्रत्येक जण सरासरीपासून किती लांब ते काढा, पुढचं करा, उत्तर मोबाइलवरून पाठवा. उत्तरं पडद्यावर येऊ लागली, कुणाचं कुठलं ते न दिसता. निम्मी चुकलेली होती. कितीतरी ठिकाणी ठळक शून्य होतं.

पूर्वीची वहिनी असती तर तिने तिथेच सूत्र लिहिलं असतं. आता ती पुढच्या बाकांकडे पाठ करून पायऱ्या चढून मागे गेली. मागच्या बाकांवर जाऊन ती कधी उभी राहिली असेल, मला आठवत नाही. "शून्य कुणाला आलं ते विचारत नाही," ती म्हणाली. "शून्य का आलं ते शोधा. मी इथे उभी आहे."

मुलं एकमेकांत बोलू लागली. तिच्याजवळ एक मुलगा बसला होता, मोठ्या मनगटाचा, खाली मान घालून. त्याच्या शेजारची मुलगी त्याला सांगत होती, "अरे, तुझं जास्त आहे, माझं कमी आहे, दोन्ही मिळवले की गेलं ना ते. वर्ग केला की माझं उणे जातं, मग ते तुझं खाऊ शकत नाही." मुलगा थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हां! आणि मग मूळ काढून परत मापात." वहिनी त्यांच्यामागे उभी राहून ऐकत होती. तिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तिला ते किती जड गेलं असेल, हे घरचं माणूसच जाणे.

पडद्यावरची शून्यं एकेक करून बदलू लागली.

मग तिथूनच, सगळ्यात मागच्या पायरीवरून, तिने गोष्ट सांगितली. आमच्या गल्लीत एक शिंपी होता. पुढच्या बाकांना माना वळवून बघावं लागत होतं. पहारेकरी, दांडकी, दोन इंच सैल, दोन इंच तंग. "हिशेब करा," ती म्हणाली आणि टेप ताणली, पण तिने वाक्य पुरं करायच्या आधीच तो मोठ्या मनगटाचा मुलगा मोठ्याने म्हणाला, "माझी चूक शून्य! चोर साला!"

आणि हशा फुटला. तो मागच्या बाकांवर आधी फुटला आणि पायऱ्या उतरत पुढे गेला. आधी मागची पोरं हसली, मग मधली, मग पुढची. वहिनीच्या गोष्टीवर असं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. तिनेही नसावं, कारण ती टेप हातात धरून तशीच उभी राहिली. शेवटच्या बाकावर विभागप्रमुख चष्मा काढून डोळे पुसत हसत होते, आणि त्यांच्या हातात मनगट मोजायची कागदाची पट्टी होती.

दाराशी ते तिला म्हणाले, "मॅडम, पुढल्या वर्षी पहिलं वर्ष सकाळच्या वेळी ठेवलं तर चालेल ना तुम्हाला?"

"सकाळी नको," वहिनी म्हणाली. "झोपेत असतात."

मी तिला टेबलाखालून चिमटा काढला असता, पण तिथे टेबल नव्हतं. ते हसले आणि "दुपारी ठेवू" म्हणून गेले.

पुढच्या आठवड्यात मी तिला नव्या व्हिडिओचा आलेख दाखवला. ज्या ठिकाणी पूर्वी ते उभं टोक होतं, तिथे रेघ सरळ होती. कुणी थांबलं नव्हतं, कुणी मागे गेलं नव्हतं. त्या सपाट रेघेकडे ती इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं, आता हाही आलेख घेऊन स्टाफरूममध्ये जाते की काय.

तिने तो कुणाला दाखवला नाही. फक्त जेवताना दादाला म्हणाली, "अहो, कुणी परत पाहिलं नाही."

दादाने घास गिळला, तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "छान." मग तिच्या डोळ्यांकडे बघून घाईघाईने म्हणाला, "बसून सांगतोय."